न वाचता करून दिलेली ओळख

कॉलेजातली मुलं तिला मातीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ऐकू येऊ नये इतकं हळूही नाही. तिला त्याचं काही वाटत नसे. विषयच तसा होता तिचा. मातीत राहणारे जीव, आणि त्यातही गांडुळं. लग्न ठरवताना तिच्या वडिलांनी "मुलगी विज्ञान शिकवते" एवढंच सांगून गांडुळांची गोष्ट शिताफीने गाळली होती. नवऱ्याला ती कळली न्हाणीघरात. बादलीवर ओलं पोतं झाकलेलं दिसलं म्हणून त्याने ते उचलून पाहिलं. माणूस देवाच्या दयेने चांगला होता. पोतं होतं तसं पुन्हा झाकलं आणि बाहेर येऊन विचारलं, "यांना भूक लागते का गं?" तिथून पुढे त्यांच्या संसारात कुठे घोडं अडलं नाही.

तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरात ती आणि तिची थोरली नणंद. नणंद जन्मभर इस्पितळात नर्स होती. लग्न केलं नाही, आणि का नाही केलं असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. वयाने वाकली होती, जिभेने नाही. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे, पण हे दोघींपैकी एकीनेही कधी बोलून दाखवलं नव्हतं.

मातीबाईंचं खरं काम चालायचं गावाबाहेरच्या ओढ्याकाठी, भाजीच्या मळ्यांत. तिथल्या मातीत एक गांडूळ होतं. जाडसर, मातकट, आळशी, खोल जाऊन राहणारं. दिसायला रूप नाही. पण त्याची बिळं पाणी खाली नेत, आणि त्या मातीत कुदळ लोण्यासारखी जाई. मग खत करायला म्हणून बाहेरून दुसरं गांडूळ आलं. लाल, चपळ, खादाड. बागखात्याने ते खोक्यांतून वाटायला सुरुवात केली. लोकांनी खत केलं, खताबरोबर गांडुळंही शेतात टाकली. आणि जिथे जिथे ती टाकली तिथे तिथे जुनं गांडूळ मातीबाईंना कमी सापडायला लागलं. ती घाईची बाई नव्हती. पुन्हा खणलं, पुन्हा मोजलं, वेगळ्या ऋतूत पाहिलं. शेवटी लिहिलं ते सुद्धा जपून, की निदान या ओढ्याकाठी तरी तसं होताना दिसतं आहे. तिचे लेख छापून आले. वाचले मात्र कुणी नाहीत.

ती बागखात्याच्या अधिकाऱ्याकडे गेली. त्याने अदबीने चहा पाजला. म्हणाला, "मॅडम, एकट्या माणसाच्या सांगण्यावरून योजना थांबत नाही हो. एखाद्या मोठ्या संस्थेचं पत्र आणा, मी लगेच वर पाठवतो."

मोठी संस्था म्हणजे गावात एकच, संशोधक मंडळाची शाखा. तिथे अर्ज करून शिरता येत नाही. तुमचं काम पाहून आधीचा एखादा सभासद तुमचं नाव सुचवतो, बाकीचे मान डोलावतात, मग कोटाला लावायला एक पितळी बिल्ला मिळतो. ज्यांना तो मिळाला ते कोट बदलला तरी तो लावायला विसरत नाहीत. मातीबाईंना बिल्ला मिळून काळ लोटला होता. पण मंडळाच्या नावाने पत्र काढायचं तर विषय अध्यक्षानेच समितीपुढे मांडायचा असतो. अध्यक्ष होते एक निवृत्त प्राध्यापक, सगळे त्यांना आजोबा म्हणत. आजोबांना कुणाशी वाकडं घ्यायला आवडत नसे. ती दर वर्षी विचारी आणि ते दर वर्षी म्हणत, "बघू की, बाई. पुढच्या वर्षी बघू."

म्हणून आजोबांनी यंदा खुर्ची सोडायची ठरवली तेव्हा ती उभी राहिली.

"तू?" नणंद चष्मा वर करून म्हणाली. "भाजीवाल्याने सडका टोमॅटो घातला तर तो मुकाट्याने घरी आणतेस. तू निवडणूक लढवणार?"

"लढवायची नसते वन्सं. मंडळात प्रचार चालत नाही."

"मग मतं काय आकाशातून पडतात?"

मग तिने नणंदेला मंडळाची रीत समजावून सांगितली. उमेदवाराने स्वतःबद्दल चकार शब्द काढायचा नाही. सभेत प्रत्येकाने आपल्या विरोधकाच्या संशोधनाची ओळख करून द्यायची, आणि मतं मोजून होईपर्यंत दोघांनीही पुन्हा तोंड उघडायचं नाही. कुणा शहाण्या माणसाने फार पूर्वी ही रीत घालून दिली होती. जो दुसऱ्याचं काम नीट वाचतो, मन मोठं करून सांगतो, तोच खुर्चीवर बसायला लायक. मातीबाईंना ही रीत मनापासून आवडायची. देवळात गेल्यासारखं वाटतं, असं ती म्हणे.

नणंद म्हणाली, "आणि समोरच्याने वाचलंच नाही तर?"

"असं कसं होईल? तो प्राध्यापक आहे."

"इस्पितळात मी पुष्कळ डॉक्टर बघितलेत," नणंद म्हणाली आणि पेपर उघडला.

समोर उभे होते यंत्रसर. त्यांच्या प्रयोगशाळेत जिकडेतिकडे यंत्रं, म्हणून हे नाव. बोलायला गोड, कपड्यांत टापटीप. आठ दिवस आधी त्यांच्या शिपायाने एक टाइप केलेलं पान आणून दिलं. वर लिहिलं होतं, "आपल्या सोयीसाठी माझी ओळख. तुमचीही पाठवावी." मातीबाई गोंधळली. मग तिच्या लक्षात आलं की आतून असंच चालतं. आपली स्तुती आपणच लिहायची, विरोधकाच्या हातात द्यायची, आणि त्याने ती वाचून दाखवायची. इतकी वर्षं ती पुढच्या बाकावर बसून भारावून ऐकत होती, ते सगळं हे होतं तर.

तिने पान पाकिटात घालून परत केलं. संध्याकाळी यंत्रसरांचा फोन आला.

"मॅडम, पान परत का? काही चुकलं का त्यात?"

"चुकलं नाही हो. मी तुमचे लेखच वाचतेय."

"सगळे?"

"मिळाले तेवढे."

"अहो कशाला जिवाला त्रास? मीसुद्धा सगळे वाचलेले नाहीत!" ते दिलखुलास हसले. "बरं, तुमचं पान तेवढं पाठवून द्या हं."

"पान कशाला? माझे लेख आहेत की मंडळाच्या कपाटात."

"आहेत, आहेत," यंत्रसर म्हणाले.

नणंद शेजारीच भाजी निवडत बसली होती. फोन ठेवल्याबरोबर म्हणाली, "वहिनी, चार ओळी लिहून दे त्याला. काही पाप लागत नाही."

"माझं मीच लिहायचं आणि दुसऱ्याच्या तोंडून वदवायचं? मग त्या रीतीला अर्थ काय राहिला?"

"रीत जाऊ दे. तुला ते पत्र पाहिजे ना?"

पत्र तर तिला हवंच होतं. त्या दिवसांत तिला दुसरं काही सुचत नव्हतं. पण पान तिने लिहिलं नाही. यंत्रसरांचे लेख घेऊन ती रोज बसली, अडलं तिथे रसायनाच्या पुस्तकांत डोकं घातलं. सभेच्या दिवशी सकाळी देवापुढे उभी राहिली तेव्हा तिने मागितलं ते एवढंच, की त्या माणसावर माझ्याकडून अन्याय होऊ नये. आपल्यासाठीही काही मागावं हे तिला बाहेर पडून रस्त्याला लागल्यावर आठवलं.

सभा भौतिकशास्त्राच्या वर्गात होती. पायऱ्यापायऱ्यांचे बाक, फळ्यावर अर्धवट पुसलेलं गणित. बाकांवर सगळे बिल्लेवाले. पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बागखात्याचे नुकतेच बदलून आलेले नवे अधिकारी. त्यांना बघून मातीबाईंना बरं वाटलं. आज यांच्या कानावरही सगळं जाईल, असं तिला वाटलं.

आधी ती बोलली. पिण्याच्या पाण्यात धातूचा अंश किती हे यंत्रसर कसं ओळखतात, ते तिने आईने लेकराला सांगावं तसं सांगितलं. त्यात अडचण कुठे होती, ती त्यांनी कशी सोडवली, आणि त्यांच्या सगळ्यात जुन्या लेखातली एक कल्पना पुढे कुणी उचलली नाही पण ती किती चांगली होती, हेही सांगितलं. यंत्रसरांच्याच विभागातले एक जण मागून म्हणाले, "अरे, तू हे करतोस होय!" सगळे हसले. यंत्रसर हसले नाहीत. ते तिच्याकडे बघत राहिले. त्या जुन्या लेखाची आठवण त्यांना स्वतःलाही राहिली नसावी.

मग ते उठले. हातात कागद नव्हता. पान येईल येईल म्हणून थांबले, ते आलं नाही, आणि मंडळाचं कपाट उघडायला काही ते गेले नाहीत. पण माणूस वक्ता होता आणि मन भरून आलं होतं.

"मॅडमच्या प्रयोगशाळेत मी एकदा गेलो होतो," त्यांनी सुरुवात केली. "काय पाहिलं असेल मी? खोक्यांमागून खोकी! आणि त्यांत लाल गांडुळं! आज ज्या गांडुळाने आपल्या घरोघरच्या कचऱ्याचं सोनं केलं, ते या बाईंनी एकटीने वाढवलं, जपलं, शेताशेतांत पोचवलं. कुठे नाव नाही, गाव नाही. मित्रहो, ही आपल्या मातीची आई आहे!"

टाळ्यांनी वर्ग दणाणला. अधिकारी तर उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

मातीबाईंना आधी वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं ऐकलं. ती खोकी होती ती गांडुळं तपासायला, ती मातीचं काय करतात ते बघायला. ती अर्धी उठली. आजोबांनी मंचावरून हात करून तिला खाली बसवलं. "उमेदवारांनी बोलायचं नसतं, बाई," ते प्रेमाने म्हणाले.

ती खाली बसली. नियमच होता तो.

मतांच्या चिठ्ठ्या काचेच्या मोठ्या बरणीत पडल्या. तिला वाटलं, आपण हरलो तर बरं. हे मनात आलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली, कारण हरलो तर पत्राचं काय? जिंकलो तर कशाच्या जोरावर? काय मागावं ते देवाजवळही तिला धड ठरवता येईना. चिठ्ठ्या उलगडल्या गेल्या आणि ती निवडून आली. चांगली घसघशीत मतं घेऊन आली.

तिला बोलायला सांगितलं तेव्हा ती सरळ मुद्द्यावर आली. "मला एक दुरुस्ती करायची आहे. ती लाल गांडुळं मी पसरवलेली नाहीत. ती पसरू नयेत असं माझं संशोधन सांगतं. ओढ्याकाठी आपलं जुनं गांडूळ..."

वर्गात हशा पिकला.

"विनय बघा!" कुणीतरी म्हणालं. दुसरं म्हणालं, "मॅडम, आता मान्य करा की!" तिने आणखी एकदा तेच सांगितलं, जरा मोठ्याने. आता पुढच्या रांगेतल्या दोघातिघांच्या चेहऱ्यावर शंका उमटली, पण तेवढ्यात अधिकारी मंचावर चढले. फुलं आणण्याऐवजी आपण काहीतरी वेगळं आणलं आहे, असं म्हणून त्यांनी झाकणाला भोकं पाडलेलं एक हिरवं खोकं तिच्या हातात ठेवलं. आत लाल गांडुळं होती. "हे मुळात बाकांवर वाटायला आणलं होतं," ते म्हणाले, "पण आता याच्या खऱ्या मालकिणीलाच देतो." फोटो निघाला. खोकं पडू नये म्हणून तिने ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

पांगापांग झाल्यावर यंत्रसर जिन्यात थांबले होते. कुणीतरी आता त्यांना खरं काय ते सांगितलं होतं. चेहरा पार उतरला होता त्यांचा.

"मी वाचलं नव्हतं, मॅडम."

"हं."

"मी वर जाऊन सांगू का सगळ्यांना? आहेत अजून काही जण."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या कोटावरचा बिल्ला चकचकीत पुसलेला होता. वर जाऊन काय सांगायचं होतं या माणसाने? संशोधक मंडळात, सगळ्यांच्या देखत, की मी वाचलंच नाही? त्यांच्या डोळ्यांत जी विनवणी होती ती "हो म्हणा" अशी नव्हती.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी समितीत मांडते."

घरी नणंदेने खोक्याचं झाकण उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, शत्रूलाच कडेवर घेऊन आलीस की!"

"काय करू? तिथे टाकता येत नव्हतं."

"उकळतं पाणी ओतू का? मी ओतते, तू आत जा."

"नको, वन्सं. जीव आहेत. त्यांनी काय केलंय?" प्रयोगशाळेतली सगळी खोकी भरलेली होती. एखादं रिकामं होईपर्यंत म्हणून तिने ते गॅलरीत सावलीला ठेवलं, आणि संध्याकाळी बटाट्याच्या साली निघाल्या त्या आत टाकल्या. जिवाला उपाशी ठेवणं तिला जमलं नसतं.

समितीची बैठक आजोबांच्या घरी भरली. आजोबा आणि यंत्रसर दोघेही समितीवर होते. मातीबाईंनी पत्राचा मसुदा मांडला, सोबत ओढ्याकाठच्या नोंदी ठेवल्या. तिला वाटलं होतं, निदान इथे तरी चार माणसं शांतपणे ऐकतील. ऐकलं त्यांनी. आजोबांनी तर मसुदा दोनदा वाचला.

"चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "पण बाई, यात एक अडचण आहे. ज्या कामाबद्दल मंडळाने तुम्हाला निवडून दिलं, त्याच कामाविरुद्ध मंडळाने पत्र काढायचं?"

"मी ते काम केलेलंच नाही."

"ते मला पटलं हो. पण इतिवृत्तात काय लिहिलंय? ओळख एकदा इतिवृत्तात गेली की ती मंडळाची झाली."

"मग इतिवृत्त दुरुस्त करू."

"म्हणजे मंडळाने लिहायचं, की आमच्या सभेत एका सभासदाने दुसऱ्याबद्दल खोटं सांगितलं?" आजोबांनी हळूच यंत्रसरांकडे पाहिलं. "वरच्या कार्यालयाला कळलं तर आपली शाखाच बंद करतील. शिवाय पेपरात बातमी आली. खात्याने आपल्या मंडळाच्या नावाने गांडुळं वाटायचा कार्यक्रम ठरवलाय. उद्‌घाटनाला तुम्हीच आहात."

"मी जाणार नाही."

"नका जाऊ. कार्यक्रम होईलच."

ती यंत्रसरांकडे वळली. "सर, तुम्ही आता वाचलंय ना? काय वाटतं तुम्हाला?"

यंत्रसरांनी खरंच वाचलं होतं. शब्दन् शब्द वाचला असावा, कारण त्यांच्या प्रतीच्या कडेला पेन्सिलच्या खुणा होत्या. "काम चोख आहे," ते म्हणाले. "मला तर पटलंय." मग बराच वेळ पेनाचं टोपण घालत आणि काढत बसले. "पण आत्ता पत्र काढलं तर आपलं सगळ्यांचं हसं होईल, मॅडम. थोडं थांबावं का?"

विषय पुढच्या वर्षावर गेला. अध्यक्ष म्हणून तिनेच खाली सही केली.

रस्त्याने येताना ती कुणाशी भांडावं याचा विचार करत होती आणि एकही माणूस सापडत नव्हता. आजोबा वाईट नव्हते. यंत्रसर वाईट नव्हते. अधिकाऱ्यानेही जे केलं ते कौतुकापोटीच केलं होतं. देवाशी भांडावं तर त्यालाही तिने धड काही मागितलेलं नव्हतं.

दार नणंदेने उघडलं, आणि नणंद काही टोमणा न मारता बाजूला झाली तेव्हाच मातीबाईंना काहीतरी झाल्याचं कळलं.

"खालच्या शिवणवाल्या काकू आल्या होत्या," नणंद म्हणाली. "मी नको म्हटलं हो. दोनदा म्हटलं. तर पेपरच पुढे केला तिने. तुझा फोटो, त्या खोक्यासकट. म्हणाली, मॅडम गावाला देतात आणि शेजाऱ्यांना नाही? तुझ्या फोटोपुढे माझं काय चालणार, सांग."

गॅलरीतलं खोकं रिकामं होतं. तळाशी बटाट्याच्या साली तेवढ्या उरल्या होत्या.

ती पायातली चप्पल न काढता तशीच खाली गेली. शिवणवाल्या काकूंच्या खोलीमागे मोकळं अंगण होतं आणि अंगणापलीकडे थेट ओढ्याचा उतार. काकू शिलाई मशीन थांबवून हसतच बाहेर आल्या.

"या, या मॅडम! बघा, त्या कोपऱ्यात सोडलीत."

"काकू, ती मला परत हवी आहेत. ती या मातीत चालत नाहीत."

"चालत कशी नाहीत? बघा तरी, सरसर आत गेली!" काकूंनी कौतुकाने बोट दाखवलं. "आणि सगळी मी नाही ठेवली हं. पलीकडच्या मास्तरांना दिली, दूधवाल्या काकांना दिली, कडेच्या घरी दिली. मी म्हटलं, आपल्या मॅडमची आहेत, सगळ्यांना मिळायला हवीत."

मातीबाई कोपऱ्यात जाऊन खाली बसली. काकूंचं उलथनं वाकवून केलेलं खुरपं भिंतीला टेकलेलं होतं, ते घेऊन तिने माती उकरली. दोन सापडली. मग एक. त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. लुगड्याच्या चिंध्या आणि तुटकी बटणं निघाली.

"अहो साडी खराब होतेय तुमची," काकू म्हणाल्या. "एवढं काय मनाला लावून घेता? कमी पडली तर खात्याकडून आणखी आणता येतील की. तुमचा शब्द कोण मोडणार आता?"

मातीबाईंनी मान वर केली. समजावून सांगायला तिने तोंड उघडलं. तेवढ्यात कुंपणापलीकडून पलीकडच्या मास्तरांची बायको रिकामा डबा हलवत आली आणि तिथूनच विचारलं, "मॅडम, आमच्या मळ्यासाठी अजून थोडी मिळतील का हो?"

तळहातावरच्या तीन गांडुळांवर तिने दुसरा हात झाकून धरला.